टेकडीवरचे अकरा दगड

३ जानेवारी, शनिवार
टेकडीवर आज एकटीच गेले. दादाला चढवत नाही आता. आमचा एक मजला चढला तरी जिन्यात बसतो. टेप, पेन्सिल, त्याची वही, सगळं त्याने रात्रीच पिशवीत भरून ठेवलं होतं, वर कागदावर सूचना. दगडाची उंची जमिनीपासून घे, उताराच्या बाजूने घेऊ नकोस. मी बँकेत चौतीस वर्षं काढली, टेप धरता येते मला. 

दगड अकराच. बहुतेक गुडघ्याएवढे, एक कमरेला लागतो. मधे गवत, वाळलेलं. उत्तरेकडच्या दोन दगडांवर पिवळा रंग मारलाय नि आकडे टाकलेत. नव्या रस्त्याची मोजणी झाली म्हणजे. बोरिवलीच्या ह्या टोकाकडून टेकडी कापत नेणार. टेकडीखालच्या पाड्यातली चौदा घरं उठणार ते आधीच ऐकलं होतं. 

दादाला रंगाचं सांगितलं नाही. मापं सांगितली. तो खाटेवर बसून कागदावर आखत राहिला. पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या बिल्डिंगांचे नकाशे काढले, हा एकच स्वतःचा.

७ जानेवारी, बुधवार
दादाच्या डायलिसिसचा दिवस. चार तास. बाजूच्या खुर्चीतले गृहस्थ सोमवारी नव्हते, आजही नाहीत. 

मशीन चालू असताना दादा सिस्टरला शिळावर्तुळ म्हणजे काय ते समजावत होता. तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं, मेलेल्याला पुरून भोवती दगडांचं रिंगण करायची, नागपूरकडे अशी शेकड्याने आहेत, मुंबईत एकही नाही, हे पहिलंच. सिस्टर बिचारी हो हो करत होती.

त्याच्याशी सहमत असलेलं मला अजून कोणी भेटलेलं नाही. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात पोर्तुगीजांनी तोफ बसवायला चौथरा केला असेल. वॉचमन म्हणतो पांडव एक रात्र राहिले. खालच्या डेअरीवाल्याच्या मते गुरं कोंडायचा वाडा. नि पाड्यातले लोक म्हणतात वऱ्हाड होतं, दगड झालं. दादा सगळं ऐकून घेतो, वहीत लिहितो, आणि हसतो. एवढ्या वर्षांत ह्या एकाच बाबतीत तो कोणावर चिडला नाही.

११ जानेवारी, रविवार
दादाने पाड्यात पाठवलं. वऱ्हाडाची गोष्ट नीट लिहून आण म्हणाला, जुन्या माणसाकडून. तिथलं सगळ्यात जुनं माणूस म्हणजे जानकीमावशी. ऐंशीच्या असतील. आपल्याकडे शेवग्याच्या शेंगा नि टाकळा विकायला यायच्या, त्यामुळे ओळख आहे.

अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या. गोष्ट सांगितली. नवरीला सांगितलेलं की टेकडी ओलांडेपर्यंत मागे बघू नको, तिने बघितलं, अख्खं वऱ्हाड दगड. दगडांना हात लावला की घरात लग्न टिकत नाही. संपलं. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्यांचा नातू मात्र येऊन बसला, त्याची बायकोही. नातू म्हणाला, काकी, ते खरंच जुनं निघालं तर रस्ता दुसरीकडून नेतील ना? मी म्हटलं तसा कायदा आहे म्हणतात. मावशी उठून आत गेल्या.

१६ जानेवारी, शुक्रवार
पुरातत्त्व खात्याकडून पत्र आलं. दादाच्या सातव्या अर्जाला पहिलं उत्तर. गुरुवारी बाई येणार पाहणीला. पत्र तीनदा वाचायला लावलं मला. मग म्हणाला, निळा शर्ट इस्त्रीला दे. डाय.हून आल्यावर नेहमी झोपतो, आज झोपला नाही. जेवला. मिठाशिवायची आमटी कुरकुर न करता.

आईबाबा गेल्यावर मालवणी बोलणारी घरात आम्ही दोघंच. हे गेल्यापासून दादा माझ्याकडे राहायला आला, तेव्हापासून पुन्हा बोलायला लागलो. आज सारखं, "शैला, गुरुवार कधी गो?"

२२ जानेवारी, गुरुवार
परांजपेबाई आल्या. तरुण आहेत, पस्तिशीच्या. दादा निळ्या शर्टात रिक्षात बसून खालीच थांबला. मी वर घेऊन गेले. नातू नि चार-पाच बायका मागून आल्या. जानकीमावशी आल्या नाहीत.

बाईंनी तासभर बघितलं. फोटो काढले, दगडांच्या बुडाशी बोटाने माती उकरून बघितली. दादाचं ड्रॉइंग बघून म्हणाल्या, आमच्याकडे इतकं स्वच्छ काम होत नाही. हे खाली येऊन त्यालाही सांगितलं, त्याबद्दल त्यांचं भलं होवो.

बाकी त्यांनी आशा दाखवली नाही, मोडलीही नाही. कोकणपट्टीत असं काही त्यांच्या माहितीत नाही. दगड लहान आहेत. मांडणी मात्र मुद्दाम केलेली. वरून काहीच सांगता येणार नाही, मधोमध चाचणी खड्डा घ्यायला हवा, दोन मीटर बाय दोन मीटर. जुनी भांडी, हाडं, लोखंड काही मिळालं तर रस्त्याचं काम थांबवता येईल. नाही मिळालं तर त्यांच्या हातात काही नाही.

रिक्षात दादा रडला. आनंदानेच. पण मला बघवेना.

२५ जानेवारी, रविवार
हे नीट लिहायला हवं.

सकाळी दहाला बेल. जानकीमावशी. एवढ्या वर्षांत दाराच्या आत कधी आल्या नव्हत्या, भाजी दारातच. दादा आत झोपलेला. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत, भिंतीला टेकून खाली बसल्या. चहा घेतला. कप ठेवला नि म्हणाल्या, "बाई, तितं खणू नको देऊ. आमची पोरं हायेत."

त्या नऊ-दहा वर्षांच्या असताना पाड्यात देवीची साथ आली. एका महिन्यात अकरा पोरं गेली. त्यांचे दोन भाऊ, एक बहीण. बाहेर कळलं तर माणसं येऊन घरं जाळतील, सगळ्यांना गाडीत घालून नेतील, असं कोणीतरी म्हणालं होतं. खरं-खोटं कोणालाच ठाऊक नाही, पण भीती बसली. नेहमीची पुरायची जागा ओढ्यापलीकडे, रस्त्यालगत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत. म्हणून टेकडीवर नेलं. पहाटे, एकेक करून. बापाने नि आणखी दोघांनी ओढ्यातून दगड वर चढवले. एकेका पोराला एकेक. कोल्ह्याने उकरू नये म्हणून आधी, आणि मग कळायला हवं म्हणून.

मी विचारलं, गोल का? म्हणाल्या बापाला त्यांनीही विचारलं होतं. तो म्हणाला होता, रांगेत ठेवली तर शेवटचं एकटं पडतं.

वऱ्हाडाची गोष्ट त्याचीच. कोणी दगड हलवू नये म्हणून सांगायला सुरुवात केली. आता पाड्यातल्या पोरांनाही तेवढीच ठाऊक. नातवालाही नाही सांगितलं. त्याला घर वाचवायचंय, तो खणा म्हणतो, त्याचं चूक नाही.

मग मी मूर्खासारखं विचारलं, सगळेच दगड तुमच्या वडिलांनी आणले का?  काही आधीचेच होते असं म्हणायचे, म्हणाल्या. चार का पाच. तेवढ्या पोरांना तेच धरले. बाप म्हणाला होता, इथं आधीपण कोणीतरी निजलेलं आहे, सोबत होईल. "मी बघितलं नाय. मला वर न्हेलंच नव्हतं."



२८ जानेवारी, बुधवार
डाय. दादाला अजून सांगितलं नाही. तो चारही तास बोलत होता, पेपरला द्यायच्या लेखाचं शीर्षक ठरवत होता. वजन दीड किलो जास्त, पाणी चोरून पितोय. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की ॲक्सेस, म्हणजे सुई टोचायची नस, खराब होतोय, नि अंगात ताकद राहिलेली नाही. किती दिवस असं मी विचारलं नाही. 

दिवसभर एकच विचार. खणलं नि पोरं निघाली तर? म्हातारीच्या डोळ्यांसमोर. आणि ती जुनी नाहीत म्हणून रस्ता येणारच. नाही खणलं तर रस्ता सरळ वरूनच. दोन्हीकडून तेच.

१ फेब्रुवारी, रविवार
सांगितलं.

तो खिडकीत बसून पेर खात होता. शेवटपर्यंत ऐकलं. मग टॉवेलला हात पुसले. "म्हातारी खोटा बोलता." मी म्हटलं, कशाला बोलेल रे? तर म्हणे, काल वऱ्हाड, आज पोरं, उद्या आणखी काही. माणसं गोष्टी करतात, दगड करत नाहीत. आधीच्या चार-पाच दगडांचं सांगितलं तेव्हा मात्र मान वर केली. कुठले चार? कुठल्या बाजूचे? विचारलंस का नाही?

मला राग आला. अकरा पोरं गेली सांगतेय मी नि हा बाजू विचारतोय. बोलले नको ते. तुझी कोणी पुरलेली नाहीत म्हणून, असं म्हणाले. ज्याने लग्न केलं नाही, माझी दोन्ही पोरं खांद्यावर वाढवली, त्याला.

त्याने पेराची उरलेली फोड माझ्याकडे सरकवली नि आत गेला.

४ फेब्रुवारी, बुधवार
तीन दिवस बोलणं नाही. डाय.ला नेलं, आणलं. रिक्षात दोघं दोन बाजूंना बघत.

परांजपेबाईंचा फोन. खड्ड्याची परवानगी मिळाली, सतरा तारीख, मंगळवार. अर्जदार म्हणून दादाची सही लागेल. त्यांना सांगायला तोंड उघडलं नि हो, कळवते, म्हणून ठेवला फोन. मावशींनी मला सांगितलंय, त्यांना नाही. मी सांगायचं की नाही हे मावशींना विचारायला हवं होतं.

९ फेब्रुवारी, सोमवार
दादाला ताप, थंडी. डाय. अर्ध्यावर थांबवून ॲडमिट केलं. इन्फेक्शन रक्तात. संध्याकाळी शुद्धीवर होता. मी चुकले म्हटलं. तो म्हणाला, तुका काय वाटता ता तू बोललंस. मग बऱ्याच वेळाने, त्याच्या वहीचं पान काढायला सांगितलं. दगडांच्या बुडाच्या नोंदी. सहा दगडांपुढे "खोल नाही, सैल" असं बारीक अक्षरात. तारीख आठ वर्षांपूर्वीची.

ठाऊक होतं त्याला. निदान सहा दगड नंतर ठेवलेले आहेत हे.  तो म्हणाला, "उरलेल्या पाचांचा कळूक होया गो. तेवढाच."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
दादाने सही केली. सही त्याची वाटत नाही. कागद माझ्याकडे दिला नि म्हणाला दे किंवा देऊ नको, तुझ्यावर. असं करायला नको होतं त्याने. रागवायचं तरी कोणावर आता.

पाड्यात जाऊन मावशींना विचारलं, मी बाईंना खरं सांगू का? बाहेर नातू होता म्हणून आत नेलं मला. त्या म्हणाल्या, सांगितल्यावर थांबतील का? मला माहीत नाही म्हटलं. न सांगता खणलं तर काय होईल? तेही माहीत नाही. मग तुम्ही शिकलेल्या कशाला, म्हणाल्या. रागाने नाही. खरंच विचारत होत्या.

१६ फेब्रुवारी, सोमवार
दुपारी मावशींकडे. म्हटलं सांगायचंच झालं तर नावं तरी हवीत, नुसती अकरा पोरं म्हटलं तर कोण ऐकेल. त्यांनी बोटांवर मोजत सांगितली, मी लिहिली. सोमा. लाडकी. बारक्या. जयू. दुसरा सोमा. रेवती, तिला वाचा नव्हती. काशी. गोपाळ. चंदर. नऊ झाली. मग अडल्या. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा नऊ. उरलेली दोन कोणाच्या घरची तेही आठवेना. ज्यांना आठवलं असतं ती सगळी गेली.

तोंडात पदर घेऊन बसल्या. साठ-सत्तर वर्षांत पहिल्यांदाच मोजली असतील नावं. मीच मोजायला लावली.

म्हणाल्या, उद्या मीपण येते वर. 

तिथून हॉस्पिटल. दादा झोपलेला. मास्क लावलाय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
साडेआठ. दहाला जीप येणार. पिशवीत दादाची सही आहे, नऊ नावांचा कागद आहे. दोन्ही परांजपेबाईंना द्यायचे, का एकच, का एकही नाही. झोप नाही, तरी ठरलं नाही. खाली मावशी येऊन थांबल्यात, गॅलरीतून दिसतात. नवं लुगडं नेसल्यात. नातवाने हाताला धरलंय. त्याला काय सांगितलं असेल त्यांनी, कोण जाणे.

एवढं लिहिलं नि फोन वाजला. दादा. सिस्टरने धरून दिला असणार. मास्कमुळे अर्धं कळत नव्हतं.

"खणूक लागले?"

अजून नाही म्हटलं.

"जा तू. मगे माका फोन कर."

करते म्हटलं.