वॉरंटीचं पान एकतीस

४ जून
गाडी भर चौकात बंद पडली. पुढून वाफ, मागून हॉर्न. हे खाली उतरून तिच्याकडे असे बघत उभे, जणू ती शेजाऱ्यांची. मी आत बसून नामस्मरण करत राहिले. शेवटी वर्कशॉपवाल्यांनी ओढून नेली.

"वाढीव वॉरंटी घेतलीये, घाबरू नकोस," हे म्हणाले. ती घ्यायला चौदा हजार जास्तीचे भरले, तेव्हा मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नव्हते. आज मात्र बरं वाटलं.

एकच चुटपुट. गाडी चालवताना ह्यांच्या नजरेसमोर देव असावा म्हणून वेगाच्या काट्यांच्या काचेवर, कोपऱ्यात, मी तिकिटाएवढा फोटो चिकटवलाय. गेले तीन आठवडे संध्याकाळी त्या फोटोभोवती मंद केशरी तेज दिसायचं. मी गुपचूप हात जोडायची. असल्या गोष्टी बोलून दाखवू नयेत. एवढी कृपा असताना असं का व्हावं?

६ जून
वर्कशॉपचा फोन. इंजिन तापून आतून गेलं. बासष्ट हजार. वॉरंटीत बसत नाही म्हणे — "धोक्याचा दिवा बावीस दिवस लागलेला होता, तरी तुम्ही गाडी चालवलीत. कॉम्प्युटरमध्ये नोंद आहे."

हे गळ्याला हात लावून सांगतात, दिवा लागलाच नाही. ह्यांना खोटं बोलता येत नाही. बोलले की कान लाल होतात. कान बघितले. साधे होते.

बासष्ट हजार म्हणजे वरच्या खोलीचं छत. नणंदबाई तिथे झोपतात, पलंगाशेजारी बादली ठेवून.

७ जून
"करारात काय लिहिलंय?" विचारलं.
"छापील असतं गं सगळं."
म्हणजे न वाचता सही! चव्वेचाळीस पानं! मी दुधाचं कार्डसुद्धा वाचल्याशिवाय सही करत नाही. तासभर बोलले. हे वर्तमानपत्रामागे.

उद्यापासून पोथी झाली की कराराची पाच पानं.

८ जून
अक्षर मुंगीएवढं. पोथीचं भिंगच घेतलं. गाडी म्हणजे काय हे सांगायला दीड पान.
नणंदबाई डोकावल्या. "वहिनी, ह्याच्या पारायणाचं फळ काय हो?"
"तुमचं छत," म्हटलं. मग दारातून पाय न वाजवता गेल्या.

१० जून
पान पंधरापर्यंत. डोकं दुखलं.

१३ जून
आज पाच पानांवर थांबवलं नाही. पान एकतीस वाचून हसू आलं. 'मापकपटलावर मालकाने कोणतेही आवरण वा चिकटपत्र लावल्यास वॉरंटी रद्द समजावी.' मापकपटल म्हणजे काटेच असणार. त्यावर कोण काय चिकटवतं? असल्या वेंधळ्यांपायी कंपनीला वेगळं कलम छापावं लागतं.

आणि पान चौतीसवर सापडलं! नकार द्यायचा तर लेखी, दहा दिवसांच्या आत, नाहीतर खर्च कंपनीचा. फोनवरचा नकार धरायचा नाही. गाडी नेली चार तारखेला. कागद अजून आलेला नाही. म्हटलं, आज जायचंच नाही. परवा, मुदत उलटल्यावर जाऊ.
हे म्हणाले, "तू वकील व्हायला हवी होतीस."

१५ जून
गेलो. टायवाला साहेब मुलाच्या वयाचा. पान चौतीस पुढे ठेवलं.
"काकू, हे एवढं कुणी वाचत नाही हो."
"तुम्ही वाचलंय?"
तो पाणी प्यायला. मग मोठे साहेब आले, त्यांनी उभ्याउभ्या वाचलं आणि म्हणाले, करून देऊ. फक्त एक निवेदन लिहून द्या — दिवा दिसला नाही, आणि मापकपटलावर काही लावलेलं नव्हतं. मी तीनदा वाचलं, एकदा ह्यांना मोठ्याने वाचायला लावलं, मग दोघांनी सही केली.
रिक्षात म्हटलं, "सही अशी करतात."
हे म्हणाले, "हो."

२१ जून
गाडी आली. एक पैसा पडला नाही. मिस्त्री म्हणाला, "सगळी पुसलीये काकू, देवाला तेवढा हात नाही लावला." भला माणूस. नणंदबाईंनी गवंड्याला बोलावलंसुद्धा. बादली अंगणात आणून ठेवली.

संध्याकाळी देवळात निघालो. फोटोभोवती तेज नाही. माझ्या हातून काय चुकलं?

२२ जून
सकाळी ह्यांना गाडीत बसवलं. किल्ली फिरवली, तेज आलं. इंजिन सुरू झालं, तेज गेलं. "पुन्हा करा." आलं, गेलं. सहा वेळा केलं.
मग नखाने फोटोचा कोपरा उचलला. खाली इंजिनाचं बारकं चित्र. धोक्याचा दिवा.
हे हळूच म्हणाले, "मला वाटलं, तू उजेडाचा फोटो आणलायस."
तीन आठवडे बघत होते! आणि मी उजेडाच्या फोटोला पैसे घालीन असं ह्यांना वाटलं!

२३ जून
गवंड्याला नको म्हणून कळवलं. बादली वर नेऊन ठेवली. दहा वाजता साहेबांकडे जायचंय, निवेदन मागे घ्यायला. फोटो आणि पान एकतीस पिशवीत घेतलंय.
हे कालपासून एकही टोमणा मारत नाहीत. मारला असता तर बरं झालं असतं.