फळ्यावरची पहिली ओळ

मामंजी, या नवरात्रात गावात काय काय आलं आणि कितीला पडलं ते आधी लिहिते. हिशेबाशिवायची खुशाली तुम्हाला कधी खरी वाटली नाही. पोरांनी तुळजापुराहून ज्योत पळत आणली, तिला पायांच्या फोडांपलीकडे काही खर्च नाही. तालुक्याहून मंडप आला आणि आपल्या घराच्या भिंतीएवढे भोंगे आले. त्यांचा आकडा विचारला तर पोरं म्हणाली, "देवीचं काम हाय काकू, किंमत काय इचारता." झेंडू पावसात सडला आणि बाजारात शंभरावर गेला, म्हणून घटाच्या माळा मी बांधावरच्या कारळ्याच्या फुलांच्या केल्या. फुकट, आणि देवीलाही त्याच जुन्या सवयीच्या. खडूचं खोकं पन्नास रुपयांना आलं. आणि एक फ्लेक्स आला. त्यावर सगळे होऊ घातलेले पुढारी हात जोडून, आणि मधे कुठंतरी अंगठ्याएवढी देवी. तो पोरांनी होमाच्या दिवशी नेमका तुमच्या फळ्यावर बांधला.

फळा अजून आहे, मामंजी. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तुम्हाला वाटत असेल कधीच निघाला असेल. देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर, पाराकडे तोंड करून, जिथं तुम्ही तो शाळेतून रिटायर होताना आणून ठोकला तिथंच आहे. देवपूजा झाली की मी जाते, कालचं पुसते आणि आजचं लिहिते. आता घरोघर मोबाईल आहे, गावाचा ग्रुप आहे, त्यावर पहाटेपासून शुभ सकाळची फुलं पडायला लागतात. तरी डेअरीला दूध घालून येणारा माणूस किटली खाली ठेवून फळा वाचतोच. ग्रुपवर कुणीही काहीही टाकतो. फळ्यावरचं खरं असतं एवढं अजून लोकांना ठाऊक आहे.

तुमचा हात कापायला लागला तेव्हाची सकाळ मला अजून दिसते. सगळं गाव तुम्हाला गुरुजी म्हणायचं, पण माझे तुम्ही सासरे. तुमच्यासमोर मी डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हते, आणि तुम्ही म्हणता, जा, पारावर जाऊन फळा लिही. पारावर सगळी गडीमाणसं बसलेली. मी उंबऱ्यातच उभी. तुम्ही ओट्यावरून म्हणालात, "दहावी पास झालीस ती काय अक्षराचं लोणचं घालायला? जा." गेले. पाठीमागं कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसलं, पण लिहून होईस्तोवर सगळे वाचायला लागले होते. मग तुम्ही मला फळ्याचे नियम सांगितले. मयत सगळ्यात वर. त्याखाली बाळंतपण, मग पाणी आणि लाईट, मग सभा, आणि सण शेवटी, कारण सण लोकांना ठाऊकच असतो. कुणाच्या नावापुढं विशेषण नाही. एकदा देवळाला फरशी देणारे पाटील तुमच्याकडं आले होते, "गुरुजी, नुसतं नाव काय लिहिलं, दानशूर तरी लिहा" म्हणून. तुम्ही म्हणालात, "दान दिलं ते लिहिलं. शूर कुठं झालात ते कळवा, तेही लिहू." ते चहा न पिता गेले. मी आत पदर तोंडात कोंबून हसत होते.

आणि बोलणं एकदाच खाल्लं, ते विसरले नाही. थंडी सुरू होत होती, कारखान्याच्या टोळ्या ऊस तोडायला येत होत्या. त्यातली एक बाई, नवरा तापानं गेलेला, टोळी पुढं निघून गेली तरी देवळाच्या ओसरीवर बसून राहिली. मी फळ्यावर लिहिलं, उसाच्या टोळीतली एक बाई देवळात थांबली आहे. तुम्ही काठी टेकत पारावर आलात, वाचलंत, आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "एक बाई? एक शेळी, एक बाई? तिला नाव न्हाई का काही? पूस. विचारून ये." मी लाजेनं मरत ओसरीवर गेले. तिनं नाव सांगितलं, वडलांचं सांगितलं, गाव सांगितलं, पार बीडकडचं. मी लिहून आले. पुढं ती इथंच राहिली. देऊळ झाडायची, कापूस पिंजून वाती वळायची, आणि नवरात्रात अखंड दिव्याला तेल घालत रात्रभर बसायची. गाव तिला वातीवाली म्हणायला लागलं आणि नाव विसरून गेलं. मी विसरले नाही, कारण त्या नावासाठी मी बोलणं खाल्लं होतं.

ती गेली, मामंजी. यंदा होमाच्या दिवशी, दुपारी, ओसरीच्या खांबाला टेकून, मांडीवर कापूस तसाच. मी घटासाठी कडाकण्या तळत होते, उपास होता. तेवढ्यात आपल्या भावकीतला पुतण्या आला. तुम्ही त्याला पाटीवर अ आ ई गिरवायला लावत होता, तोच आता मंडळाचा अध्यक्ष आहे. ओट्यावर टेकला, पाणी प्यायला, इकडचं तिकडचं बोलला, आणि मग म्हणाला, "काकू, वातीवाली गेली. पन आज फळ्यावर नका लिव्हू. उद्या सकाळी लिव्हा."

मी विचारलं, उद्या का.

"संध्याकाळी पैठणीचा खेळ हाय न्हवं. सायेब येनार हायेत. समद्या बाया नटून येनार. तुमी लिव्हलं की संपलं, वाजिवता येनार न्हाई."

हे खरंच होतं. गावात मढं असेपर्यंत वाजत नाही, मग ते कुणाचंही असो. तुमच्या वेळी तर नवरी वेशीत आलेली असताना वाजंत्री तिथंच थांबवली होती, आणि मढं जाईस्तोवर नवरी बैलगाडीत बसून राहिली होती. मी म्हटलं, मग आत्ताच उचला तिला, दिवस पुष्कळ आहे.

"उचलनार कोन? तिची भावकी कुठं हाय हितं? लाकडं आनायची, खांदेकरी बघायचे, समदी पोरं मंडपात गुतलेली. रग टाकलाय अंगावर, म्होरं कनात लावलीय. कुनाला दिसत बी न्हाई. आन काकू, ती गावातली थोडीच हुती."

मामंजी, इतका वेळ मी त्याचं ऐकून घेत होते. घरचा पोरगा आहे, देवीचं करतोय, होईल एखाद्या दिवसाचं इकडं तिकडं, असंही एकदा मनात आलं. पण ते कनातीचं ऐकलं आणि कढईखालचा जाळ मी बंद केला. देवीपुढं नऊ रात्री जी बाई दिवा राखते तिला देवीच्याच दारात कनातीमागं झाकून ठेवायचं, आणि अलीकडं भोंगे लावायचे. मी म्हटलं, "ती गावातली नव्हती तर फळ्यावर तिचं नाव कसं आलं होतं? तुझ्या आजोबांनी लिहून घेतलंय माझ्याकडनं."

तो म्हणाला, "काकू, जुन्या गोष्टी कशाला काढता. आन फळा तर फ्लेक्सखाली हाय."

आता तुमचे चिरंजीव. ते आतल्या खोलीत पडले होते, सगळं ऐकत होते. तो गेल्यावर बाहेर आले आणि म्हणाले, "तू जाशील हे मला ठाऊक हाय. पन घरात घट बसलेत. मयताला शिवलीस तर माळ कोन घालील?" हे त्यांचं चुकीचं नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून एकाही नवरात्रात माझी माळ चुकली नाही, तुम्ही पाहिलंय. ताप अंगात असताना घातली, बाळंतपणाच्या आदल्या दिवशी घातली. मी घटासमोर जाऊन बसले. धान चांगलं वीतभर उगवलं होतं, पिवळं, नाजूक. हात जोडले पण मागायचं काय ते सुचेना. परवानगी मागावी तर देवी नको म्हणेल असं मला वाटतच नव्हतं. मग उठले, जावेला हाक मारली, आजची आणि उद्याची माळ तू घाल म्हटलं, आणि खडू घेऊन निघाले.

फ्लेक्स सुतळीनं चार कोपऱ्यांना बांधलेला होता. मंडपातली पोरं बघत राहिली, कुणी हात धरायला आलं नाही. धरणार तरी कसे, निम्म्यांच्या बारशाची बातमी मीच लिहिलेली. गाठी सोडल्या, सुतळी गुंडाळून कमरेला खोचली, फ्लेक्सची पुढाऱ्यांची तोंडं आत घालून घडी केली आणि मंडपाच्या खुर्चीवर ठेवली. म्हटलं, "जपून ठेवा रे, कांदा झाकायला चांगला हाय." एक जण हसला, बाकीच्यांनी त्याच्याकडं बघितलं. मग मी सगळ्यात वर, तुम्ही शिकवलं तसं, तिचं पूर्ण नाव लिहिलं, वडलांचं, गावाचं. आज दुपारी देवळाच्या ओसरीवर वारल्या. अग्नी आज सूर्यास्ताआधी. एवढंच. खाली पैठणीच्या खेळाचीही ओळ लिहिली, कारण तीही बातमी होती. कुणी थांबवा असं मी लिहिलं नाही.

पुतण्या धावत आला. "पुसा काकू. गावाची अब्रू जाईल, सायेब निघालेत."

मी म्हटलं, "वाजवलंत तर जाईल. पुसायचं तर तू पूस." त्यानं फडकं उचललंसुद्धा. तिचं नाव वाचलं, आणि फडकं हातातच राहिलं. मला विचारतो, "हे नाव हुतं व्हय तिचं?"

तेवढ्यात बाया यायला लागल्या. भरजरी साड्या, नाकात नथी, केसांत गजरे. पहिली आली ती सरपंचबाई. सभेत सही ती करते आणि बोलतो तिचा नवरा, असं गाव म्हणतं. ती फळ्यापुढं थांबली, ओठ हलवत वाचलं, चपला काढल्या आणि डोक्यावर पदर घेतला. मग पुतण्याला म्हणाली, "दादा, कनात काडा." नवरा मागून काहीतरी बोलत होता, तिनं वळून पाहिलं नाही. कनात निघाली. मागून येणारी प्रत्येक बाई वाचायची आणि तशीच पदर घेऊन ओसरीवर बसायची. खुर्च्या रिकाम्या राहिल्या, भोंगे मुके उभे. तिला न्हाऊ मी घातलं, सरपंचबाईनं पाणी दिलं. वेशीबाहेर साहेबांची गाडी आली, थोडी थांबली आणि वळून गेली.

खांद्याला मंडपातलीच पोरं आली, पुतण्या पहिल्या खांद्याला. आता राहिला प्रश्न मडकं कोण धरणार याचा, कारण तिचं कुणी नाही. तेव्हा गर्दीतून तुमचे चिरंजीव पुढं आले, अंगातला सदरा काढून माझ्या हातात दिला आणि मडकं उचललं. माळेवरून मला एका शब्दानं बोलले नाहीत, आजवर बोललेले नाहीत. इकडं बायांनी अखंड दिवा विझू दिला नाही. तिच्या मांडीवरचा राहिलेला कापूस वाटून घेतला आणि पैठणीला नटलेल्या त्या हातांनी वाती वळत बसल्या. धड कुणालाच येत नव्हत्या.

मंडळानं ग्रुपवर टाकलं, काही अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रम रद्द. त्या कारणाला नाव होतं, ते फळ्यावर होतं. कुणी मला देवीची लाडकी म्हणतं, कुणी म्हातारीचं निमित्त करून कार्यक्रम मोडला म्हणतं. दसऱ्याला सोनं द्यायला भावकीतली दोन घरं आली नाहीत. न येवोत. आपट्याची पानं मी त्यांच्याही उंबऱ्यावर ठेवून आले.

आता एक तुमच्याशी बोलायचं आहे. तुमचा नियम होता, रोज सकाळी फळा पुसायचा, कालचं काल गेलं. मी बाकी सगळं पुसते. दसरा लिहिला, पुसला. कोजागरीचं दूध लिहिलं, पुसलं. कुणाला मुलगी झाली, मोटारीला लाईट रात्रीची आली, सगळं लिहिलं आणि पुसलं. पण वरची ती ओळ मी पुसलेली नाही. तिला दहावं नाही, तेरावं नाही, घरात फोटो लावायला घर नाही. जी काय आहे ती ती ओळ. दवात खडू फिका होतो तेव्हा मी वरून गिरवते.

काल पुतण्या आला होता. आता नीट बोलतो, पण म्हणाला, "काकू, दिवाळी आली. शुभ दिसांत मयताची बातमी वर बरी दिसत न्हाई. आन गुर्जींचाच नेम हाय न्हवं, रोज पुसायचा."

मी त्याला म्हटलं, "ज्यांचा नेम त्यांनाच पत्र लिहिलंय. त्यांचं उत्तर आलं की पुसते." तो माझ्याकडं बघत राहिला, मग हसत निघून गेला.

पत्र म्हणजे हेच. तिकीट लावायचं नाही, कुठं टाकायचं नाही, खडूच्या खोक्यात तळाशी ठेवून देणार आहे, आणि एवढं मात्र मी त्याला सांगितलेलं नाही. तरी तुमची काही हरकत असेल तर उलटटपाली कळवावी. तुमच्या हातचं अक्षर दिसेपर्यंत ओळ राहील.