कौशल्येचा पान्हा

।। श्री ।।
पिंपरी, ५ ऑगस्ट १९५६

ती. सुमनताईस,
धाकट्या कौशल्येचा सा. न. वि. वि.

संसार ठीक आहे. हे औषधांच्या कारखान्यात पाळीला जातात, पगार हातात देतात, आमटी अळणी झाली तरी बोलत नाहीत. माझ्याकडे बघतही नाहीत. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, रंभा बाळंतपणात गेली, तिच्याबरोबर माझंही काहीतरी गेलं. तू चांगली आहेस, पण मन वळत नाही, मी काय करू? खोटं बोलले असते तर बरं झालं असतं.

रंभेचं बाळ मात्र सारखं रडतं. वरचं दूध पचत नाही, हातापायांच्या काड्या झाल्यात. शेजारच्या अंबूबाई म्हणाल्या, नुसतं छातीशी धर, चोखू दे. मी धरते. कोरडीच मी, पण तो गप्प होतो. तू इस्पितळात नर्स आहेस. हे वेडेपण तर नव्हे?

लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी कौशल्या

पुणे, १२ ऑगस्ट

चि. सौ. कौशल्येस अनेक आशीर्वाद.

वेडेपण कसलं! आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंत न झालेल्या बाईलाही क्वचित पान्हा फुटतो. मूल चोखतं, ती हाक मेंदूपर्यंत पोचते आणि शरीर ऐकतं. खात्री मात्र नाही. तोवर वरचं दूध उकळून पाजत राहा. तूही पोटभर जेव, तुझी अर्धी भाकरी मला ठाऊक आहे. तुझ्या मालोजीरावांवर रागावू नकोस असं सांगणार नाही. रागाव खुशाल.

तुझं अक्षर दिसत राहू दे.
सुमन

पिंपरी, २१ सप्टेंबर

ताई, मायना राहू दे. दूध आलं!

सकाळी तो चोखत होता. एकाएकी छातीत मुंग्या आल्या आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरा थेंब दिसला. वाटलं, मघाचं वरचं दूध ओकला. तर दुसऱ्या बाजूची चोळी भिजलेली! अंबूबाई बोट लावून बघून भिंतीला टेकल्या. ज्याला मी जन्म दिला नाही, त्याच्यासाठी माझ्या हाडामासाने मला न विचारता हे केलं. मग वाटलं, ह्यांचं मन वळत नाही, तेही ह्यांच्या हाती कुठे असेल? राग गेला, ताई. दुःख नाही गेलं.

संध्याकाळी हे आले. दारात कितीतरी वेळ बघत उभे राहिले आणि मग माझ्यापुढे हात जोडले. नवऱ्याचे जोडलेले हात घेऊन मी काय करू? हुंदका आला. पण बाळाचा डोळा लागत होता, म्हणून पदर दातात धरला आणि हललेसुद्धा नाही.

तुझ्या मायेची भुकेली,
कौशल्या