इम्युनिटीचा काढा पिणाऱ्या प्राध्यापकास

प्रिय अण्णा,

'प्रिय' लिहिताना हात आखडतो. पण मायना चुकवू नये अशी आईची शिस्त. काल तुझं तेरावं झालं. जेवणं उरकताच अप्पाकाका काढ्याची बाटली घेऊन थेट तुझ्या लेकीकडे, पल्लवीकडे वळले, म्हणून आज लिहायला बसले.

तोच काढा रे! "इम्युनिटी वाढव, कुडी कुडी, पी रे!" म्हणत तुला पाजला तोच. आणि तू? "हौदरी काका, हौदरी," असं होय-होय करत प्यायलास. जन्मभर बीएस्सीच्या पोरांना प्रतिकारशक्ती शिकवणारा माणूस!

आपल्या मळमड्डीत रस्ता रुंद करायला तोडायच्या झाडांवर लाल खुणा मारल्या, तेव्हा तू म्हणालास, पेशीतही असंच चालतं. दाह पेटवणाऱ्या प्रथिनाला एक राखणदार अडवून धरतो. शत्रू आला की राखणदारावर युबिक्विटिन नावाच्या चिमुकल्या प्रथिनाची खूण लागते, पेशी त्याला तोडून टाकते. सुटलेलं प्रथिन केंद्रकात शिरून जनुकं चालू करतं. काम संपलं की खूण त्याच्यावरही लागते. "शालू, ही दुसरी खूण महत्त्वाची. नाहीतर आग विझणार कशी?"

किती छान बोलायचास! आणि तुझ्याच अंगातली आग विझत नव्हती. तुझीच प्रतिकारशक्ती तुझ्या मूत्रपिंडांवर उलटली होती. गोळ्यांनी ती कशीबशी आवरली होती. त्या तू सोडल्यास, कारण काका म्हणाले, काढा आणि गोळ्या एकत्र चालत नाहीत! घर पेटलेलं असताना रॉकेल घेऊन आलेल्याला तू चहा विचारलास.

मी भांडले, तर हसून म्हणालास, "मोठ्यांचं मन कसं मोडायचं?" आमचं मोडलेलं चाललं? अडाणी असतास तर कीव केली असती. तुझ्या या सभ्यतेची मला किळस येते, अण्णा.

रडू येतं, ते वेगळं.

पल्लवीचेही सांधे सुजलेत. डॉक्टरांनी तोच आजार सांगितलाय, गोळ्याही त्याच. आणि वैनीनं खाली मान घालून बाटली घेतली! हे तुझंच वळण.

शब्द देते, अण्णा. काका पुन्हा आले की चार माणसांत सांगेन, तुमच्या नादानं हा गेला. पल्लवी गोळी माझ्यासमोर घेईल. लोक म्हणतील, अण्णा किती सज्जन, बहीण मात्र तोंडाळ. म्हणू देत. सज्जनाच्या फोटोला हार घालून झालाय. पोरगी मला जिवंत हवी आहे.

तुझीच,
शालन