मार्गदर्शकाला विचारा

२४ नोव्हेंबर, सोमवार
भूगोलाच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर. आंतरशालेय भूगोल स्पर्धेचा संघ हेडबाईंनी माझ्याकडे दिला! मी पी.टी. शिकवतो. पण हेडबाई म्हणाल्या, तुम्ही रोज टिटवाळ्याहून ठाण्याला येता, तुमचा प्रवास दांडगा. माणसाची पारख आहे बाईंना. संघात आठवीच्या दोघी, भाविका आणि जागृती.

नियमावलीत एक नियम झकास आहे. संघाला एकदा, फक्त एकदाच, 'मार्गदर्शकाला विचारा' म्हणता येतं. मग मार्गदर्शक उभा राहून माईकवर उत्तर देतो आणि तेच अंतिम. भरल्या हॉलमध्ये! आयुष्यात एकदा तरी मला असं कुणीतरी विचारायला हवं.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून एक खंड. आठवड्यात जग खलास.

२५ नोव्हेंबर
आशिया. पाचचा गजर बायकोने, संचिताने, बंद केला असं माझं मत. तिचं मत वेगळं आहे. आशिया तसाही अवाढव्य, रविवारी बघू. आधी ऑस्ट्रेलिया.

२८ नोव्हेंबर
ऑस्ट्रेलिया चालू.

पोरींना पन्नास प्रश्न घातले. अठ्ठेचाळीस बरोबर. उरलेल्या दोनांत माझीच उत्तरपत्रिका चुकली होती, म्हणजे छपाईची चूक. दोघींनी मला एकदाही विचारलं नाही. मदत मागण्यात कमीपणा नसतो, असं समजावलं. भाविका म्हणाली, पन सर, येतंय ना आम्हाला! पोरीचा कॉन्फिडन्स जरा जास्त आहे. कमी करावा लागेल.

५ डिसेंबर, शुक्रवार
क्षेत्रभेट, खाडीकाठी, दुपारी बारा. भाविका तिथल्याच चेंदणी कोळीवाड्यातली. ती म्हणाली, सर, काल पुनव झाली, आज तिथी एक, तिची पाऊणपट करा की भरतीचा टाइम येतो, बाराच्या पुढं उधाण हाय. मी म्हटलं, बाळ, हे शास्त्र आहे, पंचांग नव्हे. आणि पोरींना काठावर ठेवून स्वतः चिखलात उतरलो.

१२.१५. पाणी घोट्याला.
१२.३०. गुडघ्याला. शिट्टी मारली.

भाविकाच्या आजीने, दगडाबाईने, दंडाला धरून बाहेर ओढलं. म्हणाली, मास्तर, खाडीला शिट्टी कलत नाय. एक बूट आत राहिला. एकंदरीत भरतीचं प्रात्यक्षिक फारच प्रभावी झालं.

१३ डिसेंबर, शनिवार, दुपारी १२.४०
कल्याणचा हॉल. घाईत लिहितोय. आम्ही आणि डोंबिवलीची एक शाळा बरोबरीत! दोघी धडाधड उत्तरं देतायत. मला अजून विचारलेलं नाही. तिसऱ्या प्रश्नापासून हात वर करून बसलोय, लक्ष असावं म्हणून. खांदा दुखतोय. आता शेवटचा प्रश्न.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
प्रश्न: टिटवाळ्याजवळून कोणती नदी वाहते?

माझं टिटवाळा! भाविकाने जागृतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, मार्गदर्शकाला विचारतो. अंगावर काटा आला. उठलो, घसा साफ केला आणि खणखणीत सांगितलं, उल्हास! सहा वर्षं राहतोय तिथे. बिल्डरच्या ब्रोशरवर 'उल्हास रिव्हर व्ह्यू' छापलंय, रंगीत फोटोसकट.

बरोबर उत्तर काळू. डोंबिवली पहिली, आम्ही दुसरे. पहिल्या नंबरची ढाल गेली.

शाळेच्या बसमध्ये मी म्हटलं, अवघड प्रश्नाला कुणीही चुकतं. भाविका म्हणाली, अवघड नव्हता सर, काळू म्हाईत होतं आम्हाला. मी म्हटलं, मग विचारलंत कशाला? जागृती खिडकीबाहेर बघायला लागली. भाविका म्हणाली, तुम्ही कधीपासून हात वर करून बसलेलात ना. शेवटचाच प्रश्न राहिलेला. नंतर चान्स नसता भेटला तुम्हाला.

ढाल त्यांची होती. तीन आठवडे त्या स्वतः अभ्यास करत होत्या आणि मी एका शब्दात ती घालवली. फार वाईट वाटलं. सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात जागृती म्हणाली, पण सर, आवाज काय भारी आलेला तुमचा, एकदम मागपर्यंत.

मी थँक्यू म्हटलं.