एका चुलीवरचे पाच भाऊ

तीर्थरूप दादांना धाकटीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? (दुखतच असेल. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तुम्ही करणार नाही.) वहिनी बऱ्या असणारच, आजारी पडायला तुम्ही त्यांना सवड कुठे देता! आम्ही मजेत. मजेत म्हणजे, जिंकलो.

तुमच्या भाचीनं वकिलीच्या शेवटच्या वर्षाला निर्वासितांचा कायदा घेतलाय. मोठ्यानं वाचल्याशिवाय तिच्या डोक्यात काही शिरत नाही आणि माझं शिलाई मशीन त्याच खोलीत. तेव्हा शिवण उसवता उसवता निम्मा कायदा माझ्याच डोक्यात शिरला. सार सांगू? जिवाच्या भीतीनं पळून आलेल्या माणसाला परत तिथंच ढकलायचं नाही. संपलं. एवढ्यासाठी साडेसहाशे पानं!

त्यांच्या कॉलेजात फुकट सल्ल्याचं केंद्र आहे. तिथं एक बाई आली. तिचं घर जाळलेलं, कशीबशी निसटलेली. पण आसऱ्याचा अर्ज फेटाळला. का, तर पहिल्या जबाबात म्हणाली एक भाऊ, दुसऱ्यात पाच. अर्ज तपासणाऱ्या साहेबानं शेरा मारला, बाई खोटं बोलते. अपील हरली की महिन्याभरात रवानगी, आणि तिथं कुणी हार घेऊन उभं नव्हतं.

केंद्राच्या वकीलबाई, दुभाषा आणि आपली हुशार लेक तीन दिवस कागद चिवडत बसले. मी वकीलबाईंचा काळा कोट द्यायला गेले (बाह्या आखूड केल्या, बाईंचे हात लहान, आवाज मोठा), तर तेच दळण चालू. मला राहवेना. म्हटलं, "अहो, हिला नीट विचारा तरी! एका आईचे किती नि एका चुलीवर जेवणारे किती?" लेक म्हणाली, "आई, तू मध्ये बोलू नकोस." मी काय गप्प बसते! दुभाष्यानं विचारलं. बाईनं एक बोट वर केलं, मग अख्खा पंजा. त्यांच्या बोलीत सख्खा-चुलत असं काही नाहीच, सगळे भाऊच! दुभाषा म्हणतो, मी तर शब्दाला शब्द सांगितला. म्हटलं, "अरे, माप बरोबर म्हणून कपडा अंगाला बसतोच असं नाही."

सुनावणीत वकीलबाईंनी हेच मांडलं. न्यायाधीशांनी साहेबालाच विचारलं, तुम्ही चुलतभावाला हाक कशी मारता? साहेब खाली बघून म्हणाला, "दादा." काल निकाल आला. बाई इथंच राहणार! लेकीनं मला उचलायचा प्रयत्न केला (वजन आड आलं). निकालात माझा उल्लेख नाही. असो, मी काही त्यासाठी बोलले नव्हते. पण एक ओळ घातली असती तर शाई संपली नसती.

तुमची,
धाकटी

ता. क. बाईला राहायचा हक्क मिळाला, जागा नाही मिळाली. साडेसहाशे पानांत जागेचं पान नाही, मी दोनदा वाचून घेतलं. तुमची मागची खोली रिकामीच आहे.

आणखी ता. क. वहिनींना फोनवर विचारलं, त्या हो म्हणाल्या. बाई गुरुवारी पोचते. खोलीतले रद्दीचे गठ्ठे शोधू नका, ते गेले. तुमचा होकार सवडीनं कळवला तरी चालेल.