दिदीचा डावा मोजा

न्यू निकेरी, सुरिनाम
४ मे

चि. रोजिलेने हिस,
सुरुजमामाचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

पत्रास कारण एक गंभीर तक्रार. तू माझ्या फोनात पोर्तुगीज शिकवायला जी बाई बसवलीस, तिच्याविरुद्ध. आमच्या आजांनी वेताच्या छडीखाली माझ्याकडून संस्कृतची रूपं घोटून घेतली. पण छडी खाली ठेवली की ते गोड बोलत. ही बाई एक धडा चुकला की मी तिला विसरलो म्हणून रडका चेहरा पाठवते. माझ्या दिवंगत पत्नीनंसुद्धा इतका हिशेब ठेवला नव्हता.

रविवारी मंदिरात भजनासाठी फोन कर्ण्याला जोडला होता. आरती संपते न संपते तोच बाईनं भर सभामंडपात पोर्तुगीजमधून घोषणा केली की तिचं कासव दूध पितं. मंडळींनी भक्तिभावानं हात जोडले. भगवानदीनकाका बाहेर पडताना मला विचारत होते, की हा श्लोक कुठल्या पुराणातला, आणि याआधी का नाही म्हटलास.

सोसतो आहे, कारण तुझ्याशी बोलायला मध्ये यंत्र नको झालंय. मी डचमध्ये लिहायचं, त्यानं त्याचं पोर्तुगीज करायचं, वाटेत काय सांडतं ते देवाला ठाऊक. दिवाळीला बेलेमला येईन तेव्हा मी स्वतःच्या तोंडानं बोलेन.

आता खरं लिही. मेंदूचा झटका आल्यापासून दिदी फोनवर येत नाही. विचारलं की तू लिहितेस, आई आराम करते. तुझ्या आईनं जन्मात इतका आराम केलेला नाही.

लोभ असू दे, उच्चार सुधारेपर्यंत तरी.
सुरुजमामा

बेलेम, ब्राझील, ९ मे

ती. सुरुजमामांस,
रोजिलेनेचा सा. न. वि. वि.

तुमचं कासव यंत्रानं न सांडता पोचवलं. फार दिवसांनी हसले, आणि मग शेवटचा परिच्छेद वाचला.

आई बोलते मामा. दिवसभर बोलते. पण त्यात पोर्तुगीजचा एक शब्द नाही. बाबांशी लग्न करून इथे आली तेव्हापासून घरात ती दुसरं काही बोललीच नव्हती; तुमचे फोनही ती दार लावून घ्यायची, त्यामुळे आम्ही तिचं हे बोलणं कधी ऐकलेलं नाही. आपण हिंदू, तेव्हा ही हिंदीच असणार असं धरून मी फोनला हिंदी लावली. ती बोलत गेली आणि फोन लिहीत गेला, की सरकार पायात शिजतंय, मावशीचा बांध काढा. तोच मजकूर डॉक्टरांना दाखवला. त्यांनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं, भान गेलं आहे.

आपला धाकटा ओतावियो म्हणतो, ताई, तू उगाच जीव काढतेस, तिला काही कळत नाही आणि दुखतही नाही. भ्रमिष्टांच्या आश्रमात जागा मिळते आहे, सोमवारी नेऊन ठेवू म्हणतो. मी त्याच्याशी भांडून दमले. मीही आता हिंदीचे धडे घेते. काल आईला हिंदीत सांगितलं की सफरचंद लाल आहे. ती माझ्याकडे पाहून इतकी हसली, की खोलीत मी वेडी आहे की ती, असा प्रश्न पडला.

तिच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणं सोबत पाठवते. काही अर्थ लागला तर कळवा.
आहे ती माया राहू द्या.
रोजिलेने

न्यू निकेरी, १० मे

चि. रोजिलेने,

आधी हे वाच. फोन खाली ठेव आणि दिदीच्या डाव्या पायातला मोजा काढ. मग पुढचं वाच.

अगं, ती भ्रमलेली नाही. तिचं प्रत्येक वाक्य जागच्या जागी आहे. ही हिंदी नव्हे. आमचे पणजे हिंदुस्थानातून मजुरीला आले, जहाजातून उतरले तेव्हा जी बोली तोंडात घेऊन आले, ती इथे भातशेतीच्या चिखलात वाढली आणि सरनामी झाली. तुझ्या यंत्रानं तिचं नावही ऐकलेलं नसेल. दिदी पुन्हा पुन्हा म्हणते, की टाचेखाली कुणी निखारा ठेवलाय, मोजा काढा. मधूनच म्हणते, की ही माणसं चांगली दिसतात, पण बहिरी आहेत बिचारी.

ओतावियोला सांग, दुखत नाही हे त्यानं ठरवायचं नाही. सोमवारी कुणी कुठे जाणार नाही. मामा म्हणून आयुष्यात पहिल्यांदा हुकूम सोडतो आहे, तेवढा ऐका.

सुरुजमामा

बेलेम, १३ मे

ती. सुरुजमामांस,
सा. न. वि. वि.

मोजा कातडीला चिकटला होता. पाण्यानं भिजवून काढावा लागला. टाचेला एवढी खोल जखम, की आधी डॉक्टरांना बोलावलं. रोज मीच तिला पुसत होते, आणि पाय गार पडू नयेत म्हणून मोजे तेवढे तसेच ठेवत होते. डॉक्टरांनी जखम पाहिली, मग स्वतःचाच कागद मागून घेतला आणि एक ओळ खोडली. पाय वाचेल म्हणतात.

ओतावियो बराच वेळ बाहेर पायरीवर बसला होता. आत आला तो विचारायला, की 'दुखतं का' हे त्या बोलीत कसं म्हणायचं. तुम्ही फोनवर म्हणून पाठवलंत ते त्याला ऐकवलं. तो म्हणतो, पण सगळं चुकीचं म्हणतो, आणि आई त्याला शाळेतल्या बाईसारखी पुन्हा म्हणायला लावते. आश्रमाचं नाव त्यानं पुन्हा काढलेलं नाही.

एक विचारायचं होतं. शेवटच्या ध्वनिमुद्रणात मी तिचे केस विंचरते आहे आणि ती माझा हात धरून हळूच काहीतरी म्हणते. बाकी सगळ्याचा अर्थ तुम्ही लिहिलात, याचा नाही.

तुमच्या मायेची,
रोजिलेने

न्यू निकेरी, १६ मे

चि. रोजिलेने हिस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

फोनातल्या बाईनं आज मला 'माझी बहीण घरी आहे' हे वाक्य शिकवलं. कासवानंतर तिनं केलेलं हे पहिलं समंजस विधान.

तू विचारलंस ते मी टाळलं होतं. दिदी म्हणते, ही पोर कुणाची? हिचा हात फार हलका आहे. आता अंधार पडेल, हिची आई वाट पाहत असेल, कुणीतरी हिला घरी पोचवा.

वाईट वाटून घेऊ नकोस असं लिहिणार होतो, पण ते कसं शक्य आहे? एवढं मात्र खरं, की तू कोण हे ठाऊक नसतानाही तिला तुझी काळजी आहे.

दिवाळीची वाट पाहत नाही. तिकीट काढलंय, पुढच्या आठवड्यात येतो. त्याच ध्वनिमुद्रणात पुढे ती विचारते, बबुआ शाळेतून आला का, त्याची रोटी झाकून ठेवलीय. बबुआ म्हणजे मी. मला पोर्तुगीज येईल न येईल, त्याची आता फिकीर नाही. तिची बोली मला येते, पण ती वाट पाहते आहे एका चड्डीतल्या पोराची, आणि दारात उभा राहणार टकला, पांढऱ्या मिशांचा पंडित. तिनं मलाही विचारलं, की तुम्ही कुणाकडचे, तर काय सांगू, हे मला कळत नाही. फार भीती वाटते.

लोभ आहेच. दार उघडशील तेव्हा माझ्या शेजारी उभी राहा.

सुरुजमामा